पळीभर पाणी

धैर्यशील जमदाडेला काचेत ठेवायचं ठरलं तेव्हा त्याच्या आईनं पहिली शंका काढली ती पाण्याची.

तासगाव-सांगली रस्त्यावर बेदाण्याचं एक जुनं कोल्ड स्टोअरेज होतं. द्राक्षांवर प्लास्टिकची छपरं आली, बेदाणा शेतातच पाकिटात भरला जाऊ लागला, तसं ते ओस पडलं. मग तिथं 'शीतविश्राम' नावाची संस्था आली. औषध नसलेल्या रोगाच्या माणसाला औषध निघेपर्यंत थांबवून ठेवायचं, हा त्यांचा उद्योग. गाव त्याला काचघर म्हणे. पुढच्या खोलीला अजून बेदाण्याचा गोडसर, आंबूस वास होता. त्या वासात तिघं बसली होती: धैर्यशील, त्याची बायको राजश्री आणि त्याची आई शालनबाई. राजश्री सासूला तिकडच्या रीतीप्रमाणे आत्ती म्हणायची.

समोर पल्लवी पट्टणशेट्टी उभ्या होत्या. त्या डॉक्टर होत्या, पण रोगांच्या नव्हे, द्रवांच्या. त्यांनी एका नळीत पन्नास मिलिलिटर पाणी घेतलं, दुसरीत पन्नास मिलिलिटर स्पिरिट, आणि दोन्ही एका मोठ्या नळीत ओतलं.

"किती झालं, आज्जी?"

"शंभर की. त्यात काय विचारायचं?"

"बघा वाचून."

रेघ शहाण्णवाच्या पुढं सरकेना. आत्तींनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं.

"मग बाकीचं कुठं गेलं? तू प्यालीस व्हय गं?"

धैर्यशील मोठ्यानं हसला. बेदाण्याच्या सौद्यात पुकारा करणारा माणूस तो; रक्ताच्या कॅन्सरनं अंग निम्मं झालं होतं, पण आवाज होता तसाच होता. खोलीच्या पत्र्यानंही तो हसणं परत केलं.

"कुठंही गेलं नाही," पट्टणशेट्टी म्हणाल्या. "पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून बसलेले असतात. मधे मधे पोकळ्या ठेवून, ऐसपैस. त्यांच्या मनाचा दुसरा कुणी आला की ते त्याचेही हात धरतात आणि सरकून घेतात. मग दोघांना मिळून जागा कमी लागते."

"एसटीत घेतात तसं," धैर्यशील म्हणाला.

"अगदी तसं. आता पुढचं ऐका. पाणी शून्य अंशाला गोठतं. आमच्याकडे दुसरा एक द्रव आहे, तो त्याहून नाजूक. थंडीच्या दिवसांत सकाळी बाटलीत त्याचा दगड झालेला सापडतो. पण हे दोघं ठरावीक प्रमाणात एकत्र आले, दोन कण पाण्याचे नि एक याचा, की शून्याच्या खाली कितीही उतरा, बर्फ होत नाही. बर्फ व्हायचा तर पाण्याच्या कणांना एकमेकांना शोधून ओळीत उभं राहावं लागतं. इथं प्रत्येकाचे हात आधीच गुंतलेले. मग ते मिश्रण नुसतं घट्ट होत जातं. आधी तेलासारखं, मग मधासारखं, मग काकवीसारखं आणि शेवटी काच. माणसाच्या पेशी फाडतो तो बर्फाचा काटा. काच काही फाडत नाही. ती आहे तसं धरून ठेवते."

एकटे असले की दोघंही गोठतात, सोबतीनं असले की गोठत नाहीत. राजश्रीला हे फार आवडलं. संसाराबद्दल इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं, असं तिला वाटलं आणि तिनं नकळत नवऱ्याच्या बाहीचं टोक धरलं.

पट्टणशेट्टींनी नियम सांगितला. आदल्या संध्याकाळपासून तोंडात काही घालायचं नाही. मिश्रण रक्ताच्या वाटेनं सगळ्या अंगात पोचतं. पण पोटाच्या पिशवीत रक्त खेळत नाही, तिथं जे पडलेलं असेल त्याची हमी कुणी देत नाही. "कडक उपवास समजा," त्या म्हणाल्या.

"तो आमच्या घरात बायकाच करतात," धैर्यशील म्हणाला. "मला पहिल्यांदा घडतोय. पुण्य हिच्याच नावावर घाला."

---

निघायच्या सकाळी घरात भांडण झालं, ते गंगाजलावरून.

आत्तींनी देवघरातला तांब्याचा गडू काढला, सील फोडलं आणि तुळशीचं पान घेऊन त्या लेकाच्या खाटेकडं निघाल्या. राजश्रीनं त्यांचा हात धरला.

"हे काय करताय, आत्ती?"

"कोण कुठं चाललाय ते दिसतंय मला. छाती बंद पाडणार, रगत काढून घेणार. ह्याला आमच्यात काय म्हणतात ठावं हाय का तुला?"

"ते मरायला नाही चाललेत. परगावी चाललेत. मरणाऱ्याच्या तोंडात घालायचं ते यांच्या तोंडात घालून अपशकुन करू नका."

"मी आई हाय त्याची."

"आणि माझं कुंकू आहे ते."

आत्तींच्या हातातून तिनं तुळशीचं पान ओढून घेतलं. पान फाटलं. म्हातारी गडू घेऊन देवघरात गेली. पण राजश्री साडी बदलायला आत वळली तशी ती परत आली आणि लेकाच्या ओठांत पळीभर पाणी सोडून गेली. राजश्रीला ते दिसलं नाही. धैर्यशीलनं ते गिळलं आणि आईचं मन राखलं.

आत्ती देवघरात परतल्यावर राजश्री वाटी घेऊन आली. वाटीत दही-साखर होतं.

"अगं, पट्टणशेट्टीबाई ओरडतील."

"ओरडू द्या. परीक्षेला जाताना, सौद्याला जाताना, दवाखान्यात जाताना, हातावर दही घेतल्याशिवाय तुम्ही कधी उंबरा ओलांडलाय? आणि आज ओलांडणार? एवढ्या लांबच्या वाटेला?"

"तोंडात काही नाही म्हणाल्यात त्या."

"दहीच आहे. उपवासाला सुद्धा चालतं." तिचे डोळे भरले. "परत यायचंय तुम्हाला. दही खाऊन गेलेला माणूस परत येतो."

तिनं सबंध चमचाभर दही त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं चाटून खाल्लं, तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे गं!"

"विरजण रात्री जास्त झालं."

"आलो की गोड लाव."

हे त्याचे घरातले शेवटचे शब्द. काचघरात त्याला विचारलं, काही खाल्लं-प्यालं का? त्यानं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. दोघींनाही वाटलं, आपल्यासाठीच खोटं बोलला.

---

नऊ वर्षं गेली.

माणूस गेला तर त्याच्या बायकोनं काय करायचं ते लोकांना ठाऊक असतं. माणूस आला तरी ठाऊक असतं. काचेतल्या माणसाच्या बायकोचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. राजश्रीनं मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू पुसलं नाही. पण संक्रांतीला गल्लीत हळदीकुंकू झालं की कांचनकाकी करंडा हातात घेऊन तिच्यापुढं थबकायच्या.

"हिला लावायचं का गं? फ्रिजमधलं कुंकू चालतं का, कुणाला माहितीय?"

बायका हसायच्या. राजश्रीही हसायची. पुढं तिनं जायचं सोडलं.

तिनं द्राक्षं सोडली, तासगावात राहून. ती रोज सकाळी गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय घोटभर पाणी घेत नसे. ताप असो, पाऊस असो. व्रत म्हणजे देवाशी केलेला करार नव्हे, हे तिला कळत होतं; व्रत म्हणजे आपण अजून वाट पाहतो आहोत हे स्वतःला सांगण्याची रीत. पण लोकांना करारच दिसतो. लोक म्हणू लागले, जमदाडेंच्या सुनेच्या पुण्याईवर टिकलाय धैर्यशील. आणि हे आत्तींना सहन होईना.

"पुण्याई कसली? माझ्या दुधाचा जोर हाय त्यो." वटपौर्णिमेला राजश्री वडाला सूत गुंडाळायला निघाली की म्हातारी ओट्यावरून म्हणे, "सैल गुंडाळ गं. माझ्या लेकाला परत यायचंय, अडकून बसायचं न्हाई." भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकवी, "असल्या हातचं खाऊनच गोठला त्यो." तापानं अंथरूण धरलं तरी राजश्रीच्या हातचं पाणी घ्यायची नाही, शेजारच्या पोरीला हाक मारायची. नऊ वर्षं एका छपराखाली दोघी राहिल्या, एकमेकींना चिकटून आणि एकमेकींत न मिसळता.

मग औषध निघालं. रक्ताचा तो कॅन्सर आता सुयांच्या एका मालिकेनं बरा होत होता. काचघरातून निरोप आला: वर काढण्याआधीची तपासणी झाली आहे, दोघींनी यावं.

राजश्रीनं त्या दिवशी नवी साडी नेसली.

---

पट्टणशेट्टींचे केस पांढरे झाले होते. त्यांनी दोघींना बसवलं, पण चहा मागवला नाही. राजश्रीला त्यातूनच कळलं.

"आता एक नवी तपासणी करतो आम्ही," त्या म्हणाल्या. "आवाजाची. माणसाच्या अंगातून बारीक आवाज सोडायचा. तो कुठं किती वेगानं जातो यावरून मिश्रणात पाणी किती, दुसरा द्रव किती, हे जागोजागी कळतं. यांचं सगळं अंग चोख आहे. डोकं चोख, काळीज चोख. फक्त बरगड्यांखाली, लिंबाएवढ्या जागेत आवाज वेगळ्याच चालीनं धावतोय. तिथं काच नाही. बर्फ आहे."

"मग काढा की त्यो," आत्ती म्हणाल्या.

"काचेत सुरी चालत नाही, आज्जी. अंग तडकतं. आणि ऊब देताना तो बर्फ गप्प बसणार नाही, वाढेल. आम्ही कितीही भरभर ऊब दिली तरी जठर फाटेल आणि शेजारची मोठी शीरही." त्या थांबल्या. "मला एक विचारायचंय. त्या दिवशी निघताना यांनी काही घेतलं होतं का?"

राजश्री तोंड उघडणार होती. खरंच उघडणार होती, असं तिला पुढं कित्येकदा वाटलं. पण त्याआधी शेजारून आवाज आला.

"मी दिलं."

आत्ती खुर्चीवरून घसरून खाली बसल्या होत्या.

"ही नको म्हणाली हुती. माझा हात धरला हिनं. तरी मी हिच्या मागारी जाऊन पळीभर गंगाजल घातलं त्याच्या तोंडात. मला वाटलं, लेकरू तसंच जाया नको. मीच मारला गं. मीच मारला माझ्या लेकाला."

त्यांनी कपाळ फरशीवर आपटलं. दोन नर्सांनी त्यांना उचलून बाहेरच्या बाकावर नेलं. दार लागलं, तरी रडणं ऐकू येत होतं.

पट्टणशेट्टींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "पाण्यानं काही झालेलं नाही."

राजश्रीनं वर पाहिलं.

"पळीभर मोकळं पाणी असतं, तर आमच्या मिश्रणानं ते कधीच आपल्यात ओढून घेतलं असतं. दुसरा द्रव पाण्याचा भुकेला आहे. आवाजाच्या चालीवरून हे दुधाचं काहीतरी आहे, दही, बहुतेक. दह्यातलं पाणी मोकळं नसतं. दुधाच्या प्रथिनांची जाळी असते, तिच्यात ते अडकलेलं असतं. आमचा द्रव त्या जाळीपाशी घुटमळतो, वेळेत आत पोचत नाही. आत राहिलेल्या पाण्याला हात द्यायला कुणी नसतं. मग ते एकमेकांचाच हात धरतं, आणि बर्फ होतो. आज्जींनी दहीही दिलं होतं का?"

"ते आत्तींनाच ठाऊक," राजश्री म्हणाली.

स्वतःचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. देव सगळं बघतो म्हणतात. पण तो त्याच वेळी बोलत नाही, ही त्याची केवढी दया. आणि त्याच दयेत माणूस बुडतं.

"आता कुणी दिलं याला महत्त्व नाही," पट्टणशेट्टी हलकेच म्हणाल्या. "पण पाण्यानं काही झालं नाही, एवढं त्यांना सांगा. मीच सांगितलं असतं, पण आता त्यांच्या कानात माझं काही शिरणार नाही. तुम्ही घरी सांगा, शांतपणे."

"सांगते."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. इथल्या टाकीत सहा माणसं एकाच मिश्रणात असतात. बर्फ धरलेलं अंग कधी तडकेल याचा नेम नाही, तडकलं तर बाकीच्या पाचांना धोका. म्हणून धैर्यशीलला आता ठेवता येणार नव्हतं. वर काढावंच लागणार होतं. त्याला दोन रीती होत्या. एक म्हणजे झोपेतच ऊब द्यायची आणि झोपेतच जाऊ द्यायचं. दुसरी म्हणजे जागं करायचं. डोकं आणि घसा धड असल्यानं तो बोलेल, ओळखेल. दुखू नये एवढं औषध देता येईल. एक दुपार मिळेल, फार तर संध्याकाळ.

"निर्णय तुमचा, बायको म्हणून. पण आज्जींना विचारा. आईला ती दुपार हवी असेल."

---

घरी आल्यावर आत्ती देवघरात गेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, खाली फरशीवर बसल्या. ती त्यांची जागा नव्हती.

"बाई," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांनी सुनेला अशी हाक मारली नव्हती. "तू बरोबर हुतीस. मी तुझं ऐकाया पायजे हुतं."

आता सांगायचं, राजश्रीनं ठरवलं. आधी चहा करू, मग सांगू. चहा झाला. आत्तींनी कप दोन्ही हातांनी घेतला, आणि त्या म्हणाल्या, "तुझ्या हातचा च्या चांगला असतो गं." राजश्रीनं ऐकलं आणि सांगायचं संध्याकाळवर गेलं. संध्याकाळी दिवा लावताना आत्ती म्हणाल्या, "तूच लाव. माझा हात नगं त्याला." तेही तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कांचनकाकी विचारपूस करायला आल्या, तर म्हातारी आपणहून म्हणाली, "हिचं काय बी चुकलं न्हाई. हिनं देवासारखं सांभाळलं. घात मी केला." कांचनकाकींनी जाताना राजश्रीचा हात हातात घेतला; असा त्यांनी कधी घेतला नव्हता.

घरात कुणी टोमणा मारत नव्हतं. भाजीत मीठ किती पडलं ते कुणी बोलत नव्हतं. इतकी शांतता त्या घरात राजश्रीनं पहिल्यांदाच पाहिली, आणि तिला तिची गोडी लागली. ही गोडी तिनं स्वतःपाशी कबूल केली नाही, गणपतीपुढंही नाही. तिथं ती डोळे मिटून उभी राहायची आणि मनात शब्दच यायचे नाहीत.

आणि तरी तिनं त्याला जागं केलं असतं. एक दुपार! त्याचा आवाज! नऊ वर्षं ती त्या आवाजासाठी जगली होती. पण ती दुपार डोळ्यांसमोर आणली की एकच गोष्ट दिसायची. त्याच्या लेखी नऊ वर्षं झालेलीच नसणार. तो डोळे उघडेल तेव्हा ती सकाळ त्याला कालचीच असेल. आई पाय धरून रडेल, 'मी पाणी पाजलं रे.' आणि तो, मनात काही न ठेवता, नेहमीसारखा हसून म्हणेल, 'पाण्याचं काय घेऊन बसलीस? हिनं दही चारलं, ते आंबट होतं!'

एवढंच. त्याला कळायचंही नाही काय बोलला ते. आईला कळेल. मग त्यालाही कळेल, आणि तो राजश्रीकडं पाहील. ते पाहणं संध्याकाळपर्यंत चालेल. नंतर तो जाईल आणि ते पाहणं तिच्याजवळ राहील, आणि सासू राहील.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्ती तिच्यासमोर आल्या. डोक्यावर पदर घेतला होता.

"मला त्याच्याशी एकदा बोलू दे. लई न्हाई. लेकाच्या पायावर डोस्कं ठेवीन म्हणते. मला माफ कर म्हणीन. मग मला कधी बी मरण येऊ दे. जागा करतील का गं त्याला? थोडा येळ?"

राजश्री गहू निवडत होती. तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"नाही, आत्ती. जाग येणार नाही म्हणाल्या पट्टणशेट्टीबाई. झोपेतच जाणार."

म्हातारीनं मान हलवली, भिंतीला हात लावत परत गेली. खोलीत तिनं दार लावून घेतलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही.

काचघरात राजश्रीनं उलटं सांगितलं. "आत्तींना विचारलं. त्यांनाही सोसवणार नाही. झोपेतच जाऊ द्या."

पट्टणशेट्टींनी तिच्याकडं नीट पाहिलं. "त्यांना पाण्याचं सांगितलंत ना?"

"सांगितलं."

---

आत एकाच माणसाला सोडत. आत्ती बाहेरच्या बाकावर बसल्या. मांडीवर हात पालथे ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारख्या.

राजश्रीला हिरवा झगा दिला. धैर्यशीलला टाकीतून काढून चुंबकाच्या कड्यात ठेवलं होतं. ऊब सगळीकडून एकदम यावी, कुठं मागं-पुढं होऊ नये, यासाठी ते कडं होतं. काचेचा माणूस हळूहळू मेणाचा झाला. मिश्रण नळ्यांतून पायरीपायरीनं बाहेर गेलं, रक्त आत आलं. गालांवर रंग चढला. मग छाती एकदा उचलली गेली, आणि पुन्हा. नऊ वर्षं थांबलेला श्वास तिथूनच पुढं सुरू झाला.

तो म्हातारा झाला नव्हता. ती झाली होती. तिनं त्याचा हात हातात घेतला, तो गरम होता. ज्या तळहातावर तिनं दही ठेवलं होतं तोच हा तळहात, हे तिला कळत होतं, तरी तिनं तो गालाला लावला.

पट्टणशेट्टी पडद्याकडं बघत होत्या. "रक्त सुटायला लागलंय आत," त्या म्हणाल्या. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. झोपेचं औषध कमी केलं तर दहा मिनिटांत डोळे उघडतील. दुखणार नाही, त्याचं औषध वेगळं आहे. मी आज्जींनाही आत घेते, नियम राहू दे. बोला, वहिनी."

त्याच्या पापण्या थरथरत होत्या. स्वप्न पडत असावं. ओठ किंचित हलले. हाक मारण्याआधी हलतात तसे. त्या ओठांतून बाहेर येणारा आवाज राजश्रीला अंगभर आठवला, सौद्याच्या पटांगणातून घरापर्यंत येणारा.

"नको," ती म्हणाली.

"नक्की?"

"नको. झोपू द्या त्यांना."

पट्टणशेट्टी मागं सरल्या. गालांवरचा रंग आला होता तसाच उतरत गेला, आणि हातातली ऊब बोटांच्या टोकांकडून कमी होत होत मनगटापर्यंत आली. पडद्यावरची रेघ सरळ झाली तेव्हा बाहेर ऊन अजून तसंच होतं.

राजश्री झगा काढून बाहेर आली. आत्ती उठून उभ्या राहिल्या.

"गेला?"

"गेले."

म्हातारीनं ओठ आत ओढून घेतले. मग, उत्तर काय येणार हे माहीत असूनही माणूस विचारतं तसं तिनं विचारलं, "काय बोलला न्हाई न्हवं?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. खरंही होतं. राजश्रीच्या ओठांवर ते आलंही. पण समोरच्या त्या तोंडाकडं तिला बघवेना, आणि आपण हिच्यासाठी काही करू शकतो, असं तिला वाटलं. दया आली तिला. त्या दिवसातलं सगळ्यांत वाईट ते होतं.

"बोलले," ती म्हणाली. "क्षणभर जाग आली."

"आली? आणि मला हाक न्हाई मारलीस?"

"वेळच नव्हता, आत्ती. तुमचंच नाव घेतलं. मी सांगितलं त्यांना, पाण्याचं. म्हणाले, आईला सांग, मी तिला माफ केलं."

आत्तींनी दोन्ही हात तोंडावर धरले. आतून आलेला आवाज रडण्याचाही नव्हता आणि हसण्याचाही. मग त्यांनी हात जोडून छताकडं, जिथं कधीकाळी बेदाण्याच्या पेट्यांची थप्पी असे, तिकडं पाहिलं.

"लई मोठ्या मनाचा माझा लेक," त्या म्हणाल्या. "आणि तू गं... शेवटच्या येळी बी माझंच सांगत बसलीस त्याला. माझ्यासाठी."

त्या वाकल्या. दुखरे गुडघे टेकून त्यांनी सुनेच्या पावलांवर कपाळ ठेवलं.

राजश्रीनं पाय मागं घेतले नाहीत.